संगणकाचा वेग आणि माणसांचा खोळंबा

बँकेत, टपाल कचेरीत किंवा नगरपालिकेच्या खिडकीपाशी उभे असता ‘आज सिस्टिम स्लो आहे’ हे वाक्य ज्याने ऐकलेले नाही असा गृहस्थ आज या सभेत सापडणे कठीण. हे वाक्य उच्चारणारा कारकून ते अशा स्वरात उच्चारतो, की जणू पाऊस लांबला आहे किंवा घाटात दरड कोसळली आहे. ऐकणाराही ते तसेच ऐकून घेतो आणि पिशवी सावरून पुन्हा रांगेत उभा राहतो. वस्तुतः यंत्र मंद चालणे ही दैवी आपत्ती नव्हे. तिला कारण असते, ते शोधता येते आणि पुष्कळदा दूरही करता येते. हे शोधण्याचाच धंदा आम्ही पस्तीस वर्षे केला. त्या अनुभवातून हाती आलेल्या चार गोष्टी श्रोत्यांपुढे ठेवाव्या, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम आमचे काम कोणते ते सांगितले पाहिजे. संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे याची जी सूचनामाला लिहिलेली असते तिला प्रोग्राम म्हणतात, आणि अशा प्रोग्रामांच्या समुदायाला सॉफ्टवेअर. ते लिहिणारे इंजिनियर पुष्कळ असतात. आमचे काम ते लिहिण्याचे नव्हते. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम बरोबर उत्तर देतात पण उशिरा देतात, तेव्हा तो उशीर कोठे होतो हे हुडकण्याचे होते. घरातील वडीलधाऱ्यांना आम्ही हे कित्येकदा समजावून सांगितले. शेवटी आमच्या एका आत्याबाईंनी निकाल दिला, ‘म्हणजे तू स्वयंपाक करीत नाहीस, पान वाढायला उशीर का झाला ते बघतोस.’ याहून नेमकी व्याख्या आम्हांला आजवर कोणी दिलेली नाही.

आता आमच्या फजितीची हकीकत सांगतो, कारण आमचे खरे शिक्षण तेथूनच सुरू झाले. १९९४ च्या सुमारास एका बँकेच्या शाखेत लेजरांच्या जागी संगणक आले होते. खिडक्या सहा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची रांग फाटकाबाहेर जाई. एकेका खातेदाराचे यंत्रावरचे काम आटोपण्यास ४० सेकंद लागत. आमच्याकडे तेव्हा एक नवे हत्यार आले होते. त्याला प्रोफाइलर म्हणतात. त्याची रीत अशी. कचेरीतल्या साहेबाने दिवसातून शंभर वेळा अवचित डोकावावे आणि कारकून त्या क्षणी काय करीत आहे याची नोंद करावी. शंभरांपैकी साठ वेळा तो फाईल शोधताना दिसला, तर त्याचा साठ टक्के वेळ शोधण्यात जातो असे मानण्यास प्रत्यवाय नाही. प्रोफाइलरही असाच सेकंदातून अनेक वेळा यंत्राच्या कामात डोकावतो आणि हिशेब मांडतो. अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात १९८२ मध्ये तयार झालेले जीप्रॉफ नावाचे साधन या जातीचे असून ते पुढे सर्वत्र पसरले.

आमच्या साधनाने सांगितले, की यंत्राचे निम्मे काम व्याजाच्या आकडेमोडीत खर्च होते. आम्हांला हर्ष झाला. दीड महिना खपून आम्ही ती आकडेमोड दसपट वेगाने होईल असे केले. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला मोठ्या ऐटीने शाखेत जाऊन उभे राहिलो. रांग फाटकाबाहेरच होती. एक निवृत्त शिक्षक आम्हांला म्हणाले, ‘अहो, पूर्वी लेजर उघडून कारकून पैसे देत असे, तेव्हा मी नऊ वाजता निघून दहाला घरी असे. हे यंत्र आणून तुम्ही काय मिळवले?’ आम्ही घड्याळ लावून पाहिले. ४० सेकंदांचे ३८ सेकंद झाले होते.

चूक कोठे झाली? प्रोफाइलर खोटे बोलला नव्हता. यंत्राचा मेंदू प्रत्यक्ष राबत होता तो वेळ ४० सेकंदांपैकी अवघा ४ सेकंद, आणि त्यांतले २ सेकंद व्याजाचे, हे अगदी खरे होते. पण उरलेल्या ३६ सेकंदांत यंत्र राबत नव्हते, ते थांबले होते. आम्ही यंत्राचे श्रम मोजले, माणसाचा वेळ मोजला नाही. हा भेद आम्हांला कोणत्या ग्रंथाने शिकवला नाही, तर खिडकीवरच्या एका कारकूनबाईंनी शिकवला. त्या सहज बोलून गेल्या, ‘साहेब, शेजारच्या खिडकीत पासबुक छापायला लागले ना, की आमचे मशीन अडून बसते.’

बाईंच्या या एका वाक्यात सगळे कोडे उलगडले. प्रत्येक व्यवहाराला एक अनुक्रमांक द्यावा लागे आणि दोन व्यवहारांना एकच क्रमांक जाऊ नये, म्हणून तो अंक एका नोंदीत कुलूपबंद ठेवलेला असे. ज्या खिडकीला क्रमांक हवा तिने कुलूप उघडावे, अंक घ्यावा आणि दुसऱ्यांसाठी किल्ली परत ठेवावी. पण प्रोग्राम लिहिणाऱ्याने किल्ली परत ठेवण्याची सूचना पासबुक छापून झाल्यानंतर लिहिली होती. छपाईस ८ सेकंद लागत. तोवर किल्ली एकाच खिडकीच्या हाती आणि बाकीच्या खिडक्या तिची वाट पाहत बसलेल्या. अशा रीतीने प्रत्येक खातेदाराचे सुमारे २८ सेकंद निव्वळ किल्लीची वाट पाहण्यात जात होते. आम्ही ती एक सूचना उचलून चार ओळी वर नेली. ३८ सेकंदांचे काम १० सेकंदांवर आले. दीड महिन्याच्या मेहनतीने जे झाले नाही, ते एका दुपारीत झाले. त्या बाईंना पुढच्या खेपेस आम्ही पेढे नेऊन दिले.

यामागचा नियम जीन अॅम्डाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये मांडला, आणि तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. एखाद्या कामाचा एक भाग तुम्ही कितीही वेगवान केला, तरी एकंदर लाभ त्या भागाच्या वाट्यापलीकडे जाऊ शकत नाही. समजा, पुण्याच्या घरातून निघून मुंबईतल्या मुलीच्या घरी पोचण्यास पाच तास लागतात. घरून स्टेशनास एक तास, गाडीत तीन, आणि तेथून मुलीच्या घरी एक. आता गाडी डोळे मिटून उघडावे इतक्या वेगाने धावू लागली, तरी दोन तास उरतातच. आणि स्टेशनावरच्या हमालाने पावले दुप्पट झपाझप टाकली, म्हणून पाच तासांत काय फरक पडणार? आम्ही दीड महिना त्या हमालाला पळवीत होतो.

डोनाल्ड क्नूथ या विख्यात शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये, खरोखर वापरात असलेले अनेक प्रोग्राम तपासून असे दाखवले होते, की सामान्यतः प्रोग्रामाच्या ४ टक्क्यांहून कमी भागात त्याचा निम्म्याहून अधिक वेळ खर्च होतो. म्हणजे दोष सर्वत्र पसरलेला नसतो, तो एका कोपऱ्यात असतो. पण तो कोपरा कोणता, हे बसल्याजागी तर्काने सांगू म्हणणारा फसतो. आम्हीही तर्क पुष्कळ केले. अनुभव असा, की आमचे तर्क पहिल्या वर्षी जितके चुकत, जवळजवळ तितकेच शेवटच्या वर्षीही चुकले. फरक इतकाच पडला, की तर्कावर विसंबून काम सुरू करण्याची सवय सुटली.

दुसरी गोष्ट रांगेविषयी. कचेऱ्यांचे चालक आम्हांला नेहमी विचारीत, ‘यंत्र दहा टक्के वेळ रिकामे असते, मग नवे कशाला घ्यायचे?’ हा प्रश्न काटकसरीचा वाटतो, पण त्याच्या पोटात मोठी फसगत आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारा आग्नर एरलांग हा डॅनिश गणिती १९०९ पासून याच प्रश्नाचा विचार करीत होता. गावासाठी टेलिफोनच्या किती तारा असाव्या, म्हणजे लोकांना ताटकळावे लागणार नाही? त्याच्या विचारातून रांगेचे शास्त्र जन्माला आले. त्या शास्त्राचा एक साधा हिशेब असा. खिडकी एक आहे, माणसे अनियमितपणे येतात आणि एकेकाचे काम सरासरी एक मिनिटाचे आहे. खिडकी निम्मा वेळ गुंतलेली असेल, तर माणसाला रांगेसकट सरासरी २ मिनिटे लागतात. ती ८० टक्के गुंतली की ५ मिनिटे, ९० टक्के गुंतली की १० मिनिटे आणि ९५ टक्के गुंतली की २० मिनिटे. काम वाढले थोडेसे, पण खोळंबा वाढला कितीतरी पटींनी. कारण माणसे घड्याळ लावून एकामागून एक येत नाहीत, ती झुंडीने येतात, आणि खिडकीला उसंतच नसेल तर एकदा साचलेली झुंड ओसरत नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशी ठरलेल्या घटकेला लाखो घरांतून एकाच वेळी विचारणा होते, तेव्हा हेच घडते. तात्पर्य, यंत्राचा जो रिकामा वेळ चालकाला उधळपट्टी वाटतो, तोच रांगेतल्या माणसाचा श्वास असतो.

येथेच श्रोत्यांना घरी नेता येईल असा एक नियम सांगून ठेवतो. जॉन लिटल याने १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. रांगेतली माणसे मोजा, दर मिनिटाला किती सुटतात ते पाहा, आणि भागाकार करा. पुढे ३० माणसे असून मिनिटाला २ सुटत असतील, तर तुमची पाळी सुमारे १५ मिनिटांनी येईल. त्यासाठी कोणाला विचारावे लागत नाही.

तिसरी गोष्ट सरासरीची, आणि ती आम्हांला सर्वांत जिव्हाळ्याची वाटते. २००५ च्या पुढे एका मोठ्या संस्थेत, लोकांनी आपल्या खात्यावरील शिल्लक संगणकावर पाहावी अशी सोय झाली. उत्तर मिळण्यास सरासरी २ सेकंद लागतात, असा अहवाल आम्हीच लिहून दिला होता आणि तो खरा होता. तरी तक्रारी येत राहिल्या. अखेर आम्ही सरासरी बाजूस ठेवून एकेक नोंद पाहिली. हजार माणसांपैकी ९७० जणांना १ सेकंद लागत होता, आणि ३० जणांना ३५ सेकंद. बेरीज करून भागाकार केला तर उत्तर दोनच सेकंद येते, पण दोन सेकंद लागलेला माणूस त्या हजारांत एकही नव्हता!

हे तीस जण कोण? आम्ही चौकशी केली. ते पंचवीस-तीस वर्षांचे जुने सभासद होते. प्रोग्राम शिल्लक काढण्यासाठी दरवेळी खाते उघडल्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदी वाचून बेरीज-वजाबाकी करी. नव्या माणसाच्या नोंदी थोड्या, म्हणून त्याला उत्तर चटकन मिळे. जो जितका जुना, त्याला तितका उशीर. त्यांतले बरेच जण वयस्क असून कोणाच्या तरी मदतीने यंत्रापुढे बसत आणि उत्तर येत नाही असे पाहून पुन्हा कळ दाबीत. म्हणजे तीच बेरीज पुन्हा पहिल्यापासून! ज्यांनी संस्थेवर सर्वांत दीर्घ काळ विश्वास ठेवला, त्यांनाच आमचे यंत्र सर्वांत अधिक ताटकळत ठेवीत होते आणि आमचा अहवाल सर्व ठीक असल्याचे सांगत होता. त्या अहवालावरची आमची सही आम्हांला अजून टोचते. उपाय मात्र अगदी जुना निघाला. पेठेतला कोणताही व्यापारी वर्ष संपले की खतावणीत बाकी काढतो आणि ती पुढच्या पानावर ओढतो. शिल्लक किती हे पाहण्यासाठी आजोबांच्या वेळचे चोपडे उघडीत बसत नाही. आम्ही प्रत्येक खात्याची वर्षाअखेरची बाकी मांडून ठेवली, आणि त्या तीस जणांनाही एका सेकंदात उत्तर मिळू लागले.

तेव्हापासून कोणी सरासरी सांगू लागला, की आम्ही विचारतो, शंभरांतल्या शेवटच्या माणसाला किती वेळ लागला? हा शेवटचा माणूस वाटतो तितका विरळाही नसतो. आजच्या मोठ्या व्यवस्थांत तुमच्या एका प्रश्नाचे उत्तर जुळवताना शंभर निरनिराळ्या यंत्रांना विचारावे लागते. प्रत्येक यंत्र शंभरात एकदाच रेंगाळते असे धरले, तरी शंभरांपैकी निदान एक रेंगाळण्याचा संभव सुमारे ६३ टक्के येतो. पंगतीत सगळ्यांची पाने वाढून होईपर्यंत कोणी जेवायला सुरुवात करीत नाही. तेव्हा एकाच पानाला उशीर झाला, तरी सारी पंगत थांबते.

असो. येथे एक शंका स्वाभाविक आहे. यंत्रे दिवसेंदिवस वेगवान होत आहेत, मग ही सारी खटपट कशाला? नवे यंत्र आणले म्हणजे झाले! या शंकेत एके काळी तथ्य होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकाची स्मृती सारी मिळून सुमारे १० किलोबाइट होती. आज खिशातल्या फोनने काढलेले एक छायाचित्र त्याच्या शेकडो पट जागा घेते. १९९४ मध्ये नव्या घरगुती संगणकाचा ठोका सेकंदाला सुमारे १० कोटी वेळा पडे. २००४ मध्ये तो ३०० कोटींच्या पुढे गेला. त्या दहा वर्षांत आळशी प्रोग्रामही आपोआप सुधारत असे. पण त्यानंतरच्या वीस वर्षांत हा ठोका दुप्पटही झालेला नाही, कारण त्याहून वेगाने चालवले तर चकतीत निर्माण होणारी उष्णता बाहेर काढता येत नाही. म्हणून आता एका यंत्रात अनेक मेंदू जोडतात. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक याच मार्गाने, अनेक मेंदू एकत्र जुंपून बनवला होता. मात्र बैल कितीही जुंपले, तरी किल्ली एकच असेल तर सगळे तिच्यासाठी थांबतात, हे आपण बँकेत पाहिलेच.

शिवाय अंतर कोणालाच चुकत नाही. ग्रेस हॉपर या अमेरिकन नौदलातील विदुषी आपल्या व्याख्यानात श्रोत्यांना सुमारे ३० सेंटिमीटर लांबीच्या तारेचे तुकडे वाटीत आणि सांगत, की सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात प्रकाश एवढेच अंतर तोडू शकतो. काचेच्या तंतूतून तो याहूनही सावकाश, सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. पुण्याहून न्यूयॉर्क सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. तेव्हा तेथील यंत्राला एक प्रश्न विचारून उत्तर आणण्यास, तार सरळ टाकली तरी सेकंदाचा आठवा भाग जाणारच. प्रोग्रामाने असे ४० प्रश्न एकामागून एक विचारले, तर ५ सेकंद गेले. यावर वेगवान यंत्र हा उपायच नव्हे. मंडईत मिरचीसाठी एकदा आणि कोथिंबिरीसाठी पुन्हा एकदा असे चाळीस हेलपाटे घालणाऱ्याला मोटार घेऊन द्यावी, की हाती यादी द्यावी?

दुसरी शंका याहून गंभीर आहे आणि ती आमच्या धंद्यातले जाणतेच घेतात. इंजिनियरचा दिवस महाग आहे, मग सेकंदा-अर्ध्या सेकंदासाठी तो का खर्चावा? क्नूथनेच १९७४ मध्ये इशारा दिला होता, की वेळेआधी केलेली वेगाची उठाठेव अनर्थकारक होते. मात्र त्याने त्याच लेखात हेही बजावले होते, की जो थोडा भाग खरोखर निर्णायक असतो त्याची संधी दवडू नये. हे आम्हांला सर्वस्वी मान्य आहे. कोणीही वापरीत नाही असा कोपरा झाडीत बसणे हा मूर्खपणाच होय. परंतु हिशेब मांडताना वहीच्या दोन्ही बाजू भरल्या पाहिजेत. दररोज १० लाख माणसे वापरतात अशा कामात प्रत्येकी १ सेकंद अधिक गेला, तर रोज १० लाख सेकंद, म्हणजे सुमारे साडेअकरा अहोरात्र नाहीशी होतात. इंजिनियरचा दिवस मालकाच्या वहीत खर्ची पडतो. हे साडेअकरा दिवस मात्र कोणाच्याच वहीत पडत नाहीत. ते कोणा मजुराच्या बुडालेल्या रोजातून जातात, शाळा सुटण्यापूर्वी घरी पोचू पाहणाऱ्या आईच्या धावपळीतून जातात, उन्हात उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या गुडघ्यांतून जातात. पस्तीस वर्षांच्या अखेरीस आमची अशी धारणा झाली आहे, की आमचा धंदा यंत्राचा नसून या न लिहिलेल्या वहीचा होता.

समारोपादाखल श्रोत्यांना एक विनंती आहे. यापुढे कोणत्याही खिडकीवर ‘सिस्टिम स्लो आहे’ असे ऐकाल, तेव्हा रागावू नका आणि निमूट परतही येऊ नका. हातावरचे घड्याळ पाहा. वार कोणता, वेळ कोणती, किती मिनिटे लागली, एकाच खिडकीला लागली की सर्वांना, एकाच कामाला लागली की प्रत्येक कामाला, हे कागदाच्या चिठोऱ्यावर टिपा आणि ती चिठ्ठी वरिष्ठांकडे द्या. ‘तुमचे यंत्र फार मंद आहे’ या तक्रारीचे आम्हां इंजिनियरांना काही करता येत नाही. ‘सोमवारी अकरा वाजता तीन नंबरच्या खिडकीत पासबुक छापू लागले, की पाच नंबरची खिडकी थांबते’ या तक्रारीने आमचे निम्मे काम होते. ज्या बाईंनी आमचे डोळे उघडले त्यांनी संगणकशास्त्राचे पुस्तक कधी उघडले नव्हते. त्या रोज खिडकीत बसत आणि समोर काय घडते ते नीट पाहत, इतकेच.